जमीन घाण करणारा निघून गेला, बिल कुणाच्या नावावर?

आजचा विषय आहे घाण झालेली जमीन, आणि ती साफ करायला लागणारा पैसा. विषय जरा रुक्ष आहे, पण तुर्भ्यात राहणाऱ्याला तो मुद्दाम समजावून सांगावा लागत नाही. वारा फिरला की इंदिरानगर, हनुमाननगर, गणपतीपाडा या बाजूला दारं-खिडक्या लावून घ्याव्या लागतात. एका अंगाला महापालिकेचं डम्पिंग, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी, आणि या दोघांच्या मधे माणसं.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण पैशाचा प्रश्न तिथूनच सुरू होतो. एमआयडीसीची स्थापना १९६२ची. त्यानंतर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांचा पट्टा उभा राहिला: रसायनं, रंग, औषधं, पेट्रोकेमिकल्स. सिडको आली १९७० मध्ये, आणि नवी मुंबई महापालिका १ जानेवारी १९९२ला. म्हणजे इथे आधी कारखाने आले, मग शहराचा आराखडा, आणि सगळ्यात शेवटी शहराची कचरागाडी. जमीन मूळची आगरी-कोळी गावांची. तुर्भे, बोनसरी, पावणे, खैरणे, महापे ही नावं आता आपण कंपन्यांच्या पत्त्यांतच वाचतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. शाळेत जास्त गुण चांगले, इथे उलटं. सत्तरच्या वर गेलं की 'अतिप्रदूषित'. नवी मुंबईला ७३.७७ मिळाले. आता त्याच पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी धुराडी जाऊन काचेच्या इमारती आल्या, डेटा सेंटरं आली. हवा थोडी बरी झाली असं म्हणू. पण कारखाना बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, पत्रे उतरले, म्हणून खालची माती काही कामगारांबरोबर राजीनामा देऊन जात नाही. टाकीतून झिरपलेलं, शेडमागे ओतलेलं, पावसाने मुरलेलं, ते तिथेच राहतं.

एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळतो. तो एका हातातून दुसऱ्या हातात जाताना बघणारे काय बघतात? रस्ता किती फुटी, वीज किती, एफएसआय किती. माती तपासली तरी ती इमारतीचं वजन पेलेल का, एवढ्यापुरती. त्या मातीत क्रोमियम आहे का, पारा आहे का, हे तपासणं खर्चाचं काम. आणि तपासलं, सापडलं, तर व्यवहार अडकणार. म्हणून विकणारा गप्प, घेणाराही गप्प.

आता कायद्याकडे येऊ. 'प्रदूषण करेल तो भरेल' हे तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यांनी एच-ॲसिड बनवताना निघालेला गाळ उघड्यावर टाकला, तो पावसात मुरला आणि गावच्या विहिरींचं पाणी लालसर-काळं झालं. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला की साफसफाईचा खर्च कारखान्यांनीच द्यायचा. रक्कम ठरली सदतीस कोटींच्या वर. निकाल पक्का, तत्त्व पक्कं. पण कंपनी अर्जावर अर्ज करत राहिली, आणि २०११ मध्ये न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की पैसे भरा, चक्रवाढ व्याजासकट भरा. मधे पंधरा वर्षं गेली. तेवढ्या काळात गावातलं पोर विहिरीऐवजी टँकरचं पाणी पीत मोठं होतं.

आणि इथे निदान कंपनी सापडली तरी. भोपाळचं बघा. १९८४ची दुर्घटना, आणि कारखान्याच्या आवारातला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये. पीथमपूरला नेऊन जाळला, त्यासाठी केंद्राने १२६ कोटी दिले. म्हणजे तुमचे-माझे. आणि तो केवळ गोणीत भरून ठेवलेला कचरा होता. आवारातली आणि आसपासची माती, तिच्याखालचं पाणी, तो हिशेब वेगळाच.

तर सरकारी पैशाची गरज आहे, यात वाद नको. ज्या जमिनीला वाली नाही, कंपनी बुडाली, मालक परागंदा, तिथे सरकारने खर्च केला नाही तर कुणीच करणार नाही. भांडायचं ते पुढच्या दोन प्रश्नांवर: हा पैसा कुठून आणायचा, आणि जमीन साफ झाल्यावर तिची वाढलेली किंमत कुणाच्या खिशात जाणार.

पहिल्या प्रश्नावर अमेरिकेचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. नायगारा धबधब्याजवळच्या लव्ह कॅनॉल इथे एका रसायन कंपनीने जुन्या कालव्यात हजारो टन रासायनिक कचरा पुरला आणि १९५३ मध्ये ती जमीन शाळा मंडळाला एक डॉलरला देऊन टाकली. वर शाळा झाली, घरं झाली. सत्तरच्या दशकात तळघरांतून रसायनं वर यायला लागली, शेकडो कुटुंबांना हलवावं लागलं. त्यातून १९८०चा कायदा आला, ज्याला तिथे 'सुपरफंड' म्हणतात. त्यातली खरी हुशारी निधीत होती. कच्चं तेल आणि रसायनं यांच्यावरच थोडा कर बसवला, आणि बेवारस जागा त्या पैशातून साफ करायच्या. १९९५ला त्या कराची मुदत संपली, राजकारण्यांनी ती वाढवली नाही, आणि बोजा हळूहळू सर्वसाधारण करदात्यावर आला. पुढे २०२१-२२ मध्ये नवे कायदे करून हा कर परत आणला.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला होता, हे फार जणांना आठवत नाही. २०१० मध्ये कोळशावर टनामागे पन्नास रुपये उपकर लावला. पुढे तो चारशेपर्यंत गेला. त्यातून राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी उभा करायचा होता. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात या उपकरातून सुमारे ८६ हजार कोटी जमले. निधीत गेले त्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना त्याहूनही कमी. २०१७ला जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला. घाण करणाऱ्या वस्तूवर कर बसवायला आपल्याला जमतं, तो पैसा घाण काढायलाच वापरायला जमत नाही.

आता ताजी गोष्ट. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल द्यायचा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर तपासणी, मग जबाबदार कोण ते शोधायचं. सापडला तर खर्च त्याचा. सापडला नाही, किंवा त्याची ऐपत नाही, तर केंद्र आणि राज्य मिळून. हे नियम आले तेव्हा देशात १०३ दूषित जागा नोंदलेल्या होत्या आणि काम सुरू झालं होतं फक्त सात ठिकाणी. नियमांत तपासणीच्या मुदती आहेत, पण जमीन शेवटी अमुक तारखेपर्यंत स्वच्छ झालीच पाहिजे अशी मुदत नाही. कंत्राटदाराला घराचं काम देताना आपण अशी मोकळीक देऊ का?

आणि इथे तुर्भ्याचा घोळ सुरू होतो. या नियमांतून खाणकाम, किरणोत्सर्गी कचरा, समुद्रातली तेलगळती आणि घनकचऱ्याची डम्पिंग वगळली आहेत, कारण त्यांचे कायदे वेगळे. म्हणजे मधल्या भिंतीच्या एका बाजूला एमआयडीसीचा भूखंड, त्याला एक कायदा, एक खातं, एक निधी. दुसऱ्या बाजूला डम्पिंग, त्याला दुसरा कायदा, दुसरं खातं, दुसरा निधी. डम्पिंगमधून झिरपणारं काळं पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, त्याला काही ही भिंत दिसत नाही.

पण नियम नीट वाचले तर त्यात एक फट आहे, आपल्या उपयोगाची. घनकचऱ्याच्या जागेतही घातक रसायनं मिसळली असतील आणि त्यांचं प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर त्या जागेला हे नियम लागू होतात. कारखान्यांच्या शेजारच्या डम्पिंगला हे कलम किती महत्त्वाचं आहे बघा. अट एकच: कुणीतरी माती आणि पाणी तपासून आकडा कागदावर आणायला हवा.

डम्पिंगसाठीचा पैसा स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यातून येतो. जुन्या कचऱ्याचे ढीग उपसायला केंद्र मदत करतं, पण शहर जितकं मोठं तितका वाटा लहान. दहा लाखांवरच्या शहरांना पंचवीस टक्के. नवी मुंबईची लोकसंख्या २०११च्या जनगणनेतच अकरा लाखांवर होती. उरलेलं राज्याने आणि महापालिकेने बघायचं.

काम असतं कसं? ढीग उकरायचा, त्याचे लांब वरंबे घालायचे, जिवाणूंचं पाणी मारायचं, उलटापालट करायची, मग मोठ्या फिरत्या चाळणीतून चाळायचं. प्लास्टिक-कापड सिमेंटच्या भट्टीला, दगड-विटा भरावाला, बारीक माती उरते. या मातीत जड धातू असू शकतात, म्हणून ती शेतात टाकण्याआधी दहा वेळा विचार करावा. दर किती पडतो? मुलुंडला मुंबई महापालिकेने सत्तर लाख टनांसाठी ७३१ कोटींचं कंत्राट दिलं, म्हणजे टनाला हजार-साडेदहाशे रुपये. देवनारला २०२५च्या निविदेत १८५ लाख टनांसाठी अंदाज होता २,३६८ कोटी. टनाला पावणेतेराशेच्या आसपास.

देवनारवर जरा थांबू, कारण दुसरा प्रश्न तिथेच आहे. १९२७ पासूनचं हे डम्पिंग. २०२४ मध्ये राज्य सरकारने त्यातली सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी द्यायचं ठरवलं. त्या प्रकल्पाच्या कंपनीत ८० टक्के वाटा अदानी समूहाचा, २० टक्के सरकारचा. पण ढीग उपसायची निविदा काढली महापालिकेने, म्हणजे खर्च मुंबईच्या करदात्याचा. आता कुणी म्हणेल, डम्पिंग महापालिकेचं, घाण तिची, मग तिनेच काढावी. तत्त्वाने बरोबर! पण मग साफ झालेल्या जमिनीची किंमतही तिच्याच वहीत दिसायला नको का? शिवाय तिथे कोण राहायला जाणार? ज्यांना धारावीतच घर मिळणार नाही, ते. साफसफाई कच्ची राहिली तर त्याची किंमत ही माणसं फुप्फुसांनी मोजतील. हे मला मान्य होत नाही.

कच्च्या साफसफाईचं उदाहरण हवं असेल तर मालाडला जा. जुन्या डम्पिंगच्या जागेवर माइंडस्पेसच्या इमारती उभ्या राहिल्या आणि काही वर्षांत कार्यालयांतून तक्रारी यायला लागल्या: संगणक बंद पडतात, एसी गंजतात. जमिनीखालचा कचरा कुजत होता आणि त्याचा वायू वर येत होता. तिथे निदान संगणकाने तक्रार तरी केली. झोपडीतलं लेकरू खोकतं, तेव्हा डॉक्टर सिरप लिहून देतो.

चांगलं उदाहरण मात्र आपल्या दाराशी आहे. कोपरखैरण्यातलं निसर्ग उद्यान. सकाळी तिथे फेऱ्या मारणाऱ्या अनेकांना माहीतही नसेल की पायाखाली आपल्या शहराचं जुनं डम्पिंग आहे. ते शास्त्रीय पद्धतीने बंद करून, वर झाकण घालून त्यावर झाडं लावली. हा स्वस्तातला मार्ग: कचरा काढायचा नाही, झाकायचा, आणि वर बाग करायची, घरं नाहीत. मला तो पटतो. पण कोपरखैरण्याचं डम्पिंग बंद झालं म्हणून कचरा थांबला नाही, तो तुर्भ्याला यायला लागला. कोपरखैरण्याला बाग मिळाली, तुर्भ्याला ढीग.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, की आमच्या वस्तीने मागायचं तरी काय? माझं उत्तर असं. 'डम्पिंग हटवा' ही मागणी नेहमीचीच, ती ठेवा. पण तिच्याबरोबर एक साधा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्या, कारण सहामाही अहवालाची जबाबदारी जिल्हा प्रशासनावर आहे. जागा कुठली, तिथे पूर्वी काय होतं, पाण्याचा रंग कधी बदलतो, वास कुठल्या महिन्यात जास्त, हे लिहा. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा. कुठल्या कंपनीचे ड्रम कुठे रिकामे व्हायचे, हे तिथे काम केलेल्या माणसाला जेवढं आठवतं तेवढं कुठल्याच फायलीत नसतं. अर्जाची एक प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला, आणि पोच घ्यायला विसरू नका. महिन्याभराने माहिती अधिकारात विचारा, की आमची जागा सहामाही अहवालात गेली का, गेली नसेल तर का नाही.

आणि तुमच्यापैकी कुणी एमआयडीसीत भूखंड घेत असाल, तर इमारतीच्या पायासाठी बोअर मारताना त्याच मातीचे दोन नमुने रसायनांच्या तपासणीलाही पाठवा. भूखंडाच्या किमतीपुढे तो खर्च काहीच नाही.