ट्रॅकवरून रस्त्यावर
(नागपूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या शेजारच्या भंडाऱ्याची मयूरी लुटे कितीजणींना माहीत आहे? जून २०२२ मध्ये दिल्लीच्या आशियाई ट्रॅक सायकलिंग स्पर्धेत ५०० मीटर टाइम ट्रायलमध्ये तिने ब्राँझपदक मिळवलं. ट्रॅकवरच्या सायकलला ब्रेक नसतो, पायडल थांबवता येत नाही. बाई एकटी आणि समोर घड्याळ. पण वाटेत आडवं येणारंही कुणी नसतं. रस्त्यावर तसं नाही.

म्हणून आज इंग्लंडच्या लिझी डेग्ननबद्दल बोलते. २००४ मध्ये ओटली गावच्या तिच्या शाळेत ब्रिटिश सायकलिंग संघटनेची माणसं मुलं निवडायला आली आणि ही सापडली. (आपल्या शाळांत मुली निवडायला कोण येतं, हे आठवून बघा.) २००९ मध्ये ती ट्रॅकवर सांघिक पर्सूटची विश्वविजेती झाली. मग रस्त्यावरच्या शर्यतींत उतरली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळालं, आणि त्याच वेळी पत्रकारांसमोर तिने या खेळात बायकांना मिळणाऱ्या दुजाभावाचा विषय काढला. २०१५ मध्ये रस्त्यावरचं विश्वविजेतेपद. २०१८ मध्ये मुलगी झाली, पुढच्या वर्षी ती पुन्हा शर्यतीत.

फ्रान्समध्ये पॅरिस-रुबे नावाची खडबडीत दगडी रस्त्यांवरची शर्यत आहे. पुरुषांची १८९६ पासून चालू आहे. बायकांची पहिल्यांदा झाली २०२१ मध्ये. पाऊस, चिखल. लिझी ती जिंकली तेव्हा तिच्या हँडलला रक्त लागलं होतं. बक्षीस १,५३५ युरो. पुरुष विजेत्याला ३०,०००. उरलेली रक्कम तिच्या संघाने भरून दिली. बरं केलं, पण आयोजकांनी द्यायचे पैसे संघाच्या चांगुलपणावर का सोडायचे?

आता आपल्याकडचं. वस्तीतल्या शिबिरात मुलींना विचारलं, दहावीनंतर सायकल कुठे गेली? बहुतेकींची भावाकडे. एकीची आई म्हणाली, "ताई, पोरगी मोठी झाली आता. येकटी कशी धाडू तिले?" या आईला मी दोष देणार नाही. मीटिंग संपवून रात्री घरी जाताना मीही त्याच रस्त्याला घाबरते.

पण मुलींनी ठरवलंय. पुढच्या रविवारी सकाळी सहाला सायकली परत घेऊन वस्तीपासून फुटाळ्यापर्यंत जायचं. आयांनाही सोबत न्यायचं आहे. काहीजणींना सायकल येत नाही, त्यांना डबलसीट घ्यावं लागेल. कोण येणार, हात वर करा. नावं इथेच लिहून घेते.