कणांची शिस्त आणि कणांची मोकळीक

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर व व्यवसायाने कापडाचा व्यापारी. कापड रंगवायचे तर रंगद्रव्य हवे, हे आम्ही जाणतो. परंतु ओपल या रत्नात निळ्या, हिरव्या, तांबड्या छटा खेळतात, त्या रंगद्रव्यावाचून! याचा उलगडा ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने केला.

मौल्यवान ओपलमध्ये सिलिकाचे समान आकाराचे गोल कण थरावर थर रचलेले असतात. एका कणाचा व्यास सुमारे १५० ते ३०० नॅनोमीटर; केसाच्या जाडीत असे शेकडो कण मावतील. त्यांच्या नियमित रांगांमुळे प्रकाशातील रंग वेगळे होतात. कण लहानमोठे असले व रांगा जमल्या नाहीत, तर तीच सिलिका सामान्य दगड ठरते. माल एकच, मोल रचनेचे.

ही रचना करतो कोण? द्रवात निलंबित असलेले सूक्ष्म कण क्षणभरही स्थिर नसतात, हे रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्येच पाहिले होते. असे चंचल कण परस्परांच्या ओढीनेच रांगेत येत असतील, असे आपल्याला वाटेल. परंतु परस्परांना मुळीच न ओढणारे टणक गोळेही दाटी झाल्यावर आपोआप रांगेत येतात, हे ऑल्डर व वेनराइट यांनी १९५७ मध्ये अमेरिकेत संगणकावर दाखविले. १९८६ मध्ये प्युसी व व्हॅन मेगन यांनी द्रवातील प्लास्टिकच्या सूक्ष्म गोळ्यांत तेच प्रत्यक्ष पाहिले. कणांनी सुमारे ४९ टक्के जागा व्यापली की स्फटिक बनू लागतात.

याचे कारण मोठे मार्मिक आहे. गोळे कसेही कोंबले तर सुमारे ६४ टक्के जागा भरताच सारे अडकून बसतात. नीट रचले तर ७४ टक्क्यांपर्यंत मावतात. म्हणजेच तेवढ्याच दाटीत, रांगेतील कणाला हालण्यास अधिक वाव मिळतो. गोदामात कापडाच्या गाठी अस्ताव्यस्त टाकल्या तर पाय ठेवण्यास जागा उरत नाही. रचल्या की वाट मोकळी होते. मात्र कणांना पुरेसा अवधी हवा. दाटी फार झपाट्याने वाढविली तर ते अव्यवस्थेतच गोठतात.

शिस्त आली की मोकळीक गेली, असे आपण घरात, पेढीत आणि संस्थेतही गृहीत धरतो. दाटी वाढेल तेव्हा शिस्तच मोकळीक राखते, असा या कणांचा दाखला आहे.