कॅमेरा कोणता घ्यावा?



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्यासारख्या युनियनच्या माणसाला बोलावले, तेव्हा किमान वेतन किंवा कंत्राटी कामगार असा काही विषय मी घेईन, अशी त्यांची समजूत असावी. मी 'कॅमेरा कोणता घ्यावा?' असा विषय कळवला, तेव्हा चिटणिसांनी मला दोनदा फोन करून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. माझे शिक्षण नववीपर्यंतचे, पुढची विद्या सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून मिळवलेली. फोटोग्राफीचे प्रमाणपत्र माझ्यापाशी नाही. पण पंचवीस-सव्वीस वर्षे हे यंत्र हाताळतो आहे, आणि हाताळायला का लागलो हे सांगितले, तर विषयाचा उलगडा आपोआप होईल.

१९९८ सालची गोष्ट. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान प्रेस-शॉपमध्ये पॉवर प्रेसखाली एका कामगाराची दोन बोटे गेली. वय तेवीस. प्रेसवर काम कसे चालते, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक नसेल. डाव्या हाताने पत्रा डायमध्ये सरकवायचा, पायडल दाबायचे, वरून रॅम येतो, नग तयार. हात आत असताना रॅम खाली येऊ नये म्हणून पुढे जाळीचा गार्ड असतो. त्या वेळच्या १९४८ च्या कारखाने कायद्यातील कलम २१ प्रमाणे असे धोक्याचे भाग झाकणे मालकाला बंधनकारक होते. पण गार्ड लावला की तासाचे नग कमी पडतात. म्हणून तो काढून कोपऱ्यात टाकलेला होता. सगळ्या शॉपला हे माहीत होते. लिहून द्यायला मात्र कोणी तयार नव्हते, आणि त्यांना मी नावे ठेवत नाही. प्रत्येकाच्या घरी चूल होती.

मी त्या संध्याकाळी एका नातेवाइकाचा कॅमेरा उसना घेऊन आत गेलो. खिशात मावणारा, आपोआप फ्लॅश पडणारा, दिसायला फार सुबक. 'यात काही करावेच लागत नाही, बटण दाबले की झाले,' असे त्यांनी मला सांगितले होते. छत्तीस फोटोंचा रोल होता, त्यातील वीस-बावीस काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी स्टुडिओतून पाकीट आणले. प्रत्येक फोटोच्या मध्यभागी एक पांढराफेक डाग, भोवती काळोख. घासून गुळगुळीत झालेल्या पोलादावरून फ्लॅशचा उजेड सरळ भिंगात परत आला होता, आणि मागचा कोपरा, जिथे तो गार्ड पडलेला होता, तो अंधारात बुडाला होता. निरीक्षक आले तेव्हा गार्ड जागेवर होता. पिवळा रंगसुद्धा दिलेला होता. कामगाराला अपंगत्वाचा लाभ नियमाप्रमाणे मिळाला. परंतु अपघाताच्या कारणाच्या रकान्यात त्याचा स्वतःचा निष्काळजीपणा लिहिला गेला.

ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे.

ज्या स्टुडिओत रोल धुतला, त्याचे मालक वृद्ध गृहस्थ होते. मी त्यांना काका म्हणत असे. त्यांना मी रागाने विचारले, "काका, चांगला कॅमेरा कोणता, तेवढे सांगा. कर्ज काढतो." ते म्हणाले, "तू हार्डवेअरच्या दुकानात जाऊन 'चांगला पाना द्या' म्हणतोस का रे? तो विचारेल, किती नंबरचा? बोल्ट कुठला?"

मंडळी, आजच्या व्याख्यानाचा सगळा मसाला एवढाच आहे. पुढचे त्याचे निरूपण. कॅमेऱ्याच्या दुकानात हा प्रश्न आपल्याला कोणी विचारत नाही. तिथे विचारतात, 'बजेट किती?' आणि आपणही मुकाट्याने आकडा सांगतो.

काकांनी मला कॅमेरा घेऊ दिला नाही. महिनाभर रोज संध्याकाळी ते मला दुकानाच्या पायरीवर बसवीत आणि समोरच्या रस्त्यावर उजेड कुठून येतो हे विचारीत. कॅमेरा म्हणजे एक काळोखी पेटी. तिला एक छिद्र आणि छिद्रावर पडदा. छिद्र किती मोठे आणि पडदा किती वेळ उघडा, यावर आत किती उजेड गेला ते ठरते. नळाची चावी आणि बादली यांच्यासारखेच. आत उजेड टिपणारा पदार्थ किती तल्लख, ही तिसरी बाब. पूर्वी ती फिल्मवर छापलेली असे, आता बटणाने बदलते. तिला आयएसओ म्हणतात.

छिद्राच्या आकड्याने नवशिका माणूस गोंधळतो. एफ १.८ हे छिद्र मोठे आणि एफ ५.६ हे लहान. आमच्या वायरमन मंडळींना यात नवल वाटणार नाही. तारेच्या गेजचेही असेच असते, आकडा वाढला की तार बारीक. आता हिशेब पाहा. एफ १.८ मधून एफ ५.६ च्या मानाने जवळजवळ दहापट उजेड आत जातो. दुकानात कॅमेऱ्याबरोबर जी साधी झूम लेन्स देतात, ती लांबच्या टोकाला बहुधा एफ ५.६ असते. मंद उजेडाच्या शेडमध्ये तिने १/२५ सेकंद पडदा उघडा ठेवावा लागत असेल, तर एफ १.८ च्या लेन्सने १/२५० सेकंदात काम होते. १/२५ सेकंदात कामगाराचा हलता हात म्हणजे धुराचा लोट. १/२५० मध्ये त्याची नखे दिसतात. फ्लॅशची गरजच उरत नाही. १९९८ साली हे मला माहीत असते, तर त्या रकान्यात काय लिहिले गेले असते याचा विचार मी आजही करतो.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, पेटीपेक्षा भिंगावर पैसे घाला. पन्नास मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स बहुतेक सर्व कंपन्या काढतात आणि ती त्यांच्या स्वस्त लेन्सपैकी असते. तिला झूम नाही. जवळचे हवे तर चार पावले पुढे जायचे, हेच तिचे झूम. एक सांभाळायचे, छिद्र पूर्ण उघडले की थोडाच भाग नेमका येतो; डोळे स्पष्ट आणि कान पुसट, असे होते. सगळे यंत्र पुढून मागेपर्यंत स्पष्ट हवे असेल, तर छिद्र लहान करून कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा. त्या दिवशीच्या कोपऱ्यातील गार्डसाठी तेच योग्य होते. गार्ड काही हलणार नव्हता. निदान त्या रात्रीपर्यंत तरी नाही.

मेगापिक्सेलविषयी थोडे बोलतो; अधिक बोलण्याची त्याची योग्यता नाही. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख बिंदू. बारा इंच बाय आठ इंच फोटो उत्तम छापायला इंचाला तीनशे बिंदू धरले, तर ३६०० गुणिले २४००, म्हणजे शहाऐंशी लाख चाळीस हजार बिंदू पुरतात. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून वीस इंच बाय तेरा इंच चित्र निघते. आपल्यापैकी कितीजणांच्या भिंतीवर त्याहून मोठे चित्र आहे? जाहिरातीत आकडा फुगवायला सोपा असतो, म्हणून तो फुगवतात. त्यापेक्षा उजेड टिपणारा सेन्सर केवढा आहे हे विचारावे. ज्याला फुल फ्रेम म्हणतात, तो ३६ बाय २४ मिलिमीटरचा, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा. त्याखालचा एपीएस-सी साधारण साडेतेवीस बाय साडेपंधरा. माझा स्वतःचा त्याच जातीचा आहे आणि त्यामुळे माझे काही अडलेले नाही.

आता कोणी म्हणेल, हे सारे ऐकून काय करायचे, मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहेच. बरोबर आहे, आणि घरच्या समारंभासाठी, मुलांसाठी, प्रवासासाठी बहुतेकांना तो पुरेसा आहे. हे मी कमीपणाने म्हणत नाही. त्यातील सेन्सर बोटाच्या नखाहून लहान, पण आतले गणित हुशार. कमी उजेडात तो एकामागून एक अनेक फोटो घेतो आणि त्यांचा एक करून देतो. उभ्या इमारतीला हे छान साधते. चालत्या मागावरच्या हाताला साधेलच असे नाही. तिथे पुष्कळदा बोटे फरफटतात किंवा मेणाची दिसतात. आणि एक खबरदारी. फोटो पुरावा म्हणून ठेवायचा असेल, तर व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो हा मूळ फोटो नव्हे. तो दाबून लहान केलेला असतो आणि कधी, कोणत्या यंत्रावर काढला याची आतील नोंद त्यातून गळून जाते. मूळ फाइल जपून ठेवा. हा सल्ला भाडेकरूंना, शेतकऱ्यांना आणि गळक्या छपराखाली राहणाऱ्या सर्वांनाच लागू आहे.

काय काढायचे हे आधी ठरवून यंत्र घेणारा एक माणूस आपल्याच मातीत होऊन गेला. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले, ते 'चांगला कॅमेरा' शोधायला नव्हे. फोटोग्राफी, छपाई यांत त्यांचे हात आधीच काळे झालेले होते. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांना भेटून, चौकशी करून त्यांनी विल्यमसन कॅमेरा घेतला. परत आल्यावर त्यांनी आधी काय टिपले? कुंडीतला वाटाणा. रोज थोडे थोडे चित्रण करून रोप उगवताना दाखवले, आणि तेवढ्यावर पैसा देणाऱ्यांची खात्री पटवली. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा. या धंद्यापायी त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली होती, हे सांगून कोणी मला कोंडीत पकडील. माझे उत्तर असे की, फाळक्यांना वाटाण्याचे काय करायचे हे ठाऊक होते. आमची पोरे हप्त्यावर कॅमेरा घेतात आणि मग काय काढावे म्हणून विचारतात.

दुसरा माणूस अमेरिकेतला, लुईस हाइन. हा मूळचा शिक्षक. १९०८ पासून तेथील राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी त्याने गिरण्या, खाणी, काचेचे कारखाने पालथे घातले. दारावर अडवतील म्हणून कधी बायबल विकणारा, कधी आगीचा निरीक्षक अशी सोंगे घेतली. त्याचा कॅमेरा अवजड पेटीचा, पाच बाय सात इंचांच्या काचा, आणि उजेडासाठी भडका उडणारी पूड. आजच्या कोणत्याही फोनपुढे ते यंत्र गैरसोयीचे. पण फोटोवरून मुलाचे वय सिद्ध होत नाही, हे त्याने ओळखले होते. म्हणून त्याने आपल्या कोटाच्या गुंड्यांची जमिनीपासूनची उंची मोजून ठेवली होती. मुलगी कितव्या गुंडीला लागते ते पाहायचे, आणि खिशातल्या खिशात वहीवर नाव, वय, उंची टिपायची. अमेरिकेत बालमजुरीवर देशव्यापी बंधन घालणारा टिकाऊ कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. पण ते काम पुढे नेण्यात या फोटोंचा मोठा वाटा होता. तेव्हा कॅमेऱ्याबरोबर काय घ्यावे असे कोणी विचारले, की बॅगेच्या आणि फिल्टरच्या आधी मी वही सांगतो. आठ आण्याची म्हणणार होतो. आता वीस रुपयांची.

जुना कॅमेरा घ्यायला हरकत नाही. माझे दोन्ही जुनेच आहेत, एक मुंबईच्या बोरा बझारातला. घेताना लेन्स उजेडासमोर धरून आरपार पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी ठेवून द्यावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कातडी पाकिटात बंद करून ठेवलेल्या लेन्सला ती हमखास धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवाव्यात, आणि सर्वांत उत्तम म्हणजे आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून वापरावा. पडदा किती वेळा उघडला आहे त्याचा आकडा विक्रेत्याला विचारावा; गाडीचे किलोमीटर विचारतो तसे. आणि हातात धरून पाहावा. बोटे बटणांवर सहज जातात का? दिवसभर गळ्यात वागवाल का? जो जड म्हणून घरी राहतो, त्याच्या गुणांची यादी घेऊन काय करायचे?

गेल्या वर्षी आमच्या एका कंत्राटी कामगाराने लाखाच्या कॅमेऱ्यासाठी कर्जाचा अर्ज भरून मला दाखवला. सुट्टीच्या दिवशी लग्नाचे फोटो काढीन, म्हणाला. मी त्याला अर्ज महिनाभर थांबवायला सांगितले आणि माझा जुना दिला, पन्नासच्या लेन्ससह. चार रविवार त्याने मंडईत घालवले. महिन्याने येऊन म्हणाला, "साहेब, माझा उजेडच चुकत होता." अर्ज त्याने फाडला की नाही मी विचारले नाही. लग्नाची कामे त्याला मिळताहेत, आणि कॅमेरा अजून माझाच वापरतो; हे मात्र माझ्या लक्षात आले आहे.

आणि तो १९९८ चा कामगार. त्याच्या मुलीच्या साखरपुड्याला मी गेलो होतो. एवढी वर्षे प्रत्येक फोटोत त्याचा डावा हात खिशात. मी त्याला खिडकीजवळ खुर्चीवर बसवले, फ्लॅश नाही, एफ १.८, आणि म्हटले, "हात हवा तसा ठेवा." त्याने थोडा वेळ माझ्याकडे पाहिले आणि डावा हात उजव्यावर, मांडीवर ठेवला. तो फोटो मी त्याच्या परवानगीने आज आणला आहे.

इथे टेबलावर तो आहे, पांढऱ्या डागांचे पाकीटही आहे, आणि माझे दोन कॅमेरे. ज्यांना हातात घेऊन पाहायचे आहेत, त्यांनी अध्यक्षांच्या समारोपानंतर पुढे यावे. फक्त पट्टा आधी गळ्यात घालावा, मग कॅमेरा उचलावा.