घर ही पहिली शाळा. पण पूर्वतयारी कोणाची?

(एका पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



‘लहान मुलांचे घरी शिक्षण : अभ्यासक्रमाची निवड आणि पूर्वतयारी’ हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेची पदवी घेऊन वृत्तपत्राच्या कचेरीत शिरलो आणि तिथेच तीस वर्षे गेली. परंतु हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरात उभा राहिला. त्यातून जे शिकलो, ते आपल्यापुढे प्रांजळपणे मांडावे एवढ्याच हेतूने आलो आहे.

माझा नातू तेव्हा चार वर्षांचा होता. कन्या आणि जावई यांनी एका संध्याकाळी सांगितले, “सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत आम्ही त्याला शाळेत घालणार नाही. घरीच शिकवू.” मी ताडकन विरोध केला. मुलगा मागे पडेल, एकलकोंडा होईल, लोक काय म्हणतील, अशी नेहमीची सगळी वाक्ये मी उच्चारली. कन्येने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाबा, चौथ्या वर्षी तुम्ही मला ज्या शाळेत घातलेत, तिथले मला काय आठवते, सांगू? बाकावर बसले की पाय जमिनीला टेकत नसत. आणि पाणी मागायचे इंग्रजी वाक्य येत नसे, म्हणून मी दुपारपर्यंत तहानलेली बसत असे.”

सव्वीस-सत्तावीस वर्षांत ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या शाळेला मी दोष देत नाही. पहाटे रांगेत उभे राहून तो प्रवेश मीच मिळवला होता आणि पेढेही मीच वाटले होते. गावभरच्या बातम्या आणणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली बातमी मिळाली नव्हती!

ही कल्पना परकी नाही

घरी शिक्षण म्हटले की अनेकांना ते पाश्चात्त्य खूळ वाटते. आपल्याकडील बालशिक्षणाचा इतिहास पाहिला, तर त्याची सुरुवातच एका पित्याच्या चिंतेतून झालेली दिसते. गिजुभाई बधेका हे व्यवसायाने वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न पडला, म्हणून ते मारिया मॉन्टेसरी यांचे विचार वाचू लागले आणि त्या वाचनाने त्यांची वकिली सुटली. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सामील झाल्या आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली.

१९४५ साली ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डीला गेल्या, नंतर कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पाड्यांवरील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. महागडी साधने परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मूल जिथे आहे तिथे शिक्षण न्यायचे आणि घरात-परिसरात जे आहे त्यातून शिकवायचे, हा धडा कोसबाडने दिला. घरी शिकवू इच्छिणाऱ्या पालकाने कोणत्याही महागड्या संचाची चौकशी करण्यापूर्वी या दोन स्त्रियांचे काम समजून घ्यावे.

कायदा काय सांगतो?

हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. शिक्षणहक्क कायदा २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो सहा ते चौदा वयोगटासाठी आहे. म्हणजे सहा वर्षांच्या आत मुलाला शाळेत घातलेच पाहिजे, असे बंधन नाही. सहाव्या वर्षानंतर मात्र मुलाला शाळेत दाखल करणे हे त्या कायद्याच्या दहाव्या कलमाने पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. त्या कर्तव्यात कसूर केल्यास पालकांना शिक्षेची तरतूद कायद्यात नाही. पण गृहशिक्षणाला त्यात स्पष्ट मान्यताही नाही. सहा वर्षांनंतर घरीच शिकवणाऱ्यांनी हे नीट समजून पाऊल टाकावे.

परतीचा मार्ग खुला आहे, हेही लक्षात ठेवावे. याच कायद्याच्या चौथ्या कलमानुसार शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत प्रवेश मिळू शकतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष असे तीन स्तर आहेत, आणि पुढे तिच्याच माध्यमिक परीक्षेला वयाची चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर बसता येते. तेव्हा निर्णय विचारपूर्वक घ्यावा. भीतीने घेऊ नये किंवा भीतीने टाळूही नये.

आधी पालकांची तयारी

माझी स्वतःची फजिती सांगतो. निर्णय झाल्यावर माझ्यातला आजोबा उत्साहाने पेटला. बाजारातून पाटी आणली आणि पहिल्याच दिवशी नातवाला तासभर ‘अ’ गिरवायला बसवले. आठव्या दिवशी पाटी सापडेना. महिन्याभराने ती तांदळाच्या डब्यामागे मिळाली. चार वर्षांच्या मुलाने माझ्या अध्यापनावर दिलेला तो अभिप्राय होता.

तेव्हा माझे सांगणे असे, की अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी एक महिना काहीच शिकवू नये. एक वही करावी आणि रोज फक्त नोंदी कराव्यात. मूल कशात रमते, किती वेळ रमते, कोणते प्रश्न विचारते, कोणत्या वेळी चिडचिड करते? आमच्या व्यवसायात म्हणतात, आधी पाहा, मग लिहा. आमच्या वहीत दिसले, की हा मुलगा गोष्टीला दहा मिनिटे बसत नाही. परंतु आजीबरोबर शेंगा सोलायला पाऊण तास बसतो, आणि त्या मोजतोही. त्याची गणिताची वेळ आणि गणिताची जागा आम्हाला त्या वहीने दाखवली.

दुसरी तयारी घरातील माणसांची. गृहशिक्षण म्हणजे आईने नोकरी सोडणे, असा अर्थ आपण सहज करून टाकतो. हा अन्याय आहे. आमच्याकडे कन्येने अर्धवेळ काम स्वीकारले खरे; पण जावयांनीही सकाळचे दोन तास स्वतःकडे घेतले. माझ्याकडे संध्याकाळची फेरी आणि गोष्ट आली. ज्या घरात सारा भार एकीच्याच डोक्यावर पडणार असेल, त्या घराने या वाटेला जाऊ नये. थकलेल्या, चिडलेल्या आईपेक्षा चांगली बालवाडी कधीही बरी.

अभ्यासक्रम निवडताना

आता मुख्य विषयाकडे येतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला. त्याचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक पालकाने वाचावा. तैत्तिरीय उपनिषदातील पंचकोशांची कल्पना त्यात आधाराला घेतली आहे. शरीर, प्राण, मन, बुद्धी आणि आनंद या सर्वांचे पोषण म्हणजे शिक्षण, हा तिचा भावार्थ. आणि त्याच आराखड्यात एक व्यावहारिक गोष्ट आहे. तीन ते सहा या वयात मुलांना विहित पाठ्यपुस्तक नसावे, असे तो सांगतो. चौथ्या वर्षी दप्तर भरणारे आपण आणि ‘पुस्तक नको’ म्हणणारा देशाचा आराखडा! कोण कोणाचे ऐकते आहे, याचा विचार करावा.

बाजारात मात्र आज शेकडो संच आहेत. परदेशातून येणारे, पेट्या भरून येणारे, महिन्याच्या वर्गणीवर येणारे. प्रत्येकाला मी चार प्रश्न विचारायला शिकलो. पहिला : हा मुलाच्या घरच्या भाषेत आहे का? दुसरा : यातले ऋतू, फळे, सण, प्राणी माझ्या मुलाच्या खिडकीतून दिसतात का? आषाढात छत्री घेऊन फिरणाऱ्या मुलाला बर्फाचा माणूस रंगवायला देऊन काय साधणार? तिसरा : मुलाच्या हाताला काम किती आणि डोळ्यांना पडदा किती? चौथा : हा सोडून शाळेत जावे लागले, तर मूल कुठे उभे असेल?

या चौथ्या प्रश्नामुळे आम्ही बालभारतीच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांना कणा मानले. ती संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. मात्र ती आम्ही मुलापुढे ठेवली नाहीत. सहाव्या-सातव्या वर्षी काय यावे, याचा नकाशा म्हणून ती मोठ्यांनी वाचली. साधनांची शिस्त मॉन्टेसरी पद्धतीकडून घेतली. एका वेळी एकच वस्तू, आणि काम झाल्यावर ती जागच्या जागी. बाकी सारे घरात होतेच. धान्य निवडणे, पोळीचा गोळा लाटणे, कुंड्यांना पाणी घालणे, कपड्यांच्या घड्या, परवचा, ओव्या, आजीची म्हणी पेरलेली बोली.

भाषा आणि गणित

दोन गोष्टींवर थोडे थांबतो. पहिली भाषा. वर्णमाला ‘अ’ पासून ‘ज्ञ’ पर्यंत पाठ करून घेण्याची घाई नको. मूल भरपूर ऐकू दे, बोलू दे. मग म, क, न, ल अशी चार-पाच अक्षरे आणि एक काना दिला, की ‘मका’, ‘नाक’, ‘कान’, ‘काम’, ‘माकन’ नव्हे तर ‘कमान’, असे अर्थ असलेले शब्द मूल स्वतः जुळवते. आपण काहीतरी वाचले, हा आनंद त्याला पहिल्या आठवड्यात मिळतो. इंग्रजी जरूर यावे. पण ते ऐकण्याच्या वाटेने यावे, घरच्या भाषेच्या खांद्यावर बसून यावे.

दुसरे गणित. गेल्या दिवाळीत नातवाने ‘पंचवीस’ ऐकून ५२ लिहिले. मी रागावणार, तोच जावई म्हणाले, “चूक त्याची नाही. आपण पाच आधी म्हणतो आणि दोन आधी लिहितो.” २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आपल्याला आठवत असेल. टीका करणाऱ्यांमध्ये मीही होतो. पंचवीस, एकोणतीस हे शब्द आपल्या भाषेचे धन आहेत आणि ते राहिलेच पाहिजेत, हे माझे मत आजही आहे. परंतु मुलाची अडचण खरी होती, हे मला स्वयंपाकघरातल्या फरशीवर बसल्यावर कळले. आम्ही चिंचोक्यांचे दहा-दहाचे गट केले. दोन गट आणि वर पाच, त्याचे नाव पंचवीस. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, हे त्याने एक चिंचोका काढून घेऊन पाहिले, तेव्हा तो हसला. शब्दही राहिला आणि अर्थही कळला.

सवंगडी आणि नोंदवही

घरी शिकणाऱ्या मुलाची खरी उणीव पुस्तकांची नसते, सवंगड्यांची असते. रोज संध्याकाळी मैदान, आठवड्यातून एकदा तीन-चार कुटुंबांनी एकत्र येणे, वेगवेगळ्या स्तरांतील मुलांशी खेळणे, हे वेळापत्रकात पक्के लिहिलेले हवे. मूल केवळ आपल्यासारख्याच घरांतील मुलांत वाढले, तर ते समाजाला ओळखणार कसे? आणि दर महिन्याला वहीचे एक पान प्रामाणिकपणे लिहावे. मूल खुलते आहे की मिटते आहे? मिटत असेल, तर आपला हट्ट सोडावा. प्रयोग मुलासाठी असतो, मूल प्रयोगासाठी नसते.

आमच्या घराची गोष्ट पुरी करतो. नातवाला सहा वर्षे पूर्ण झाली. आम्ही सर्वांनी वही उघडली. त्यात गेल्या चार महिन्यांत एकच वाक्य वारंवार आले होते, “मला शाळेतल्या मुलांबरोबर खेळायचे आहे.” तेव्हा तो जवळच्या मराठी शाळेत पहिलीत जाणार आहे. काही स्नेही म्हणाले, “म्हणजे प्रयोग फसला!” मला तसे वाटत नाही. जे घर सहाव्या वर्षीही समर्थपणे पुढे शिकवू शकते, त्याने अवश्य शिकवावे. आमचे काम मुलाला त्याच्या वेळेपर्यंत सांभाळून त्याच्या इच्छेने दाराबाहेर पाठवणे, एवढेच होते. आणि शाळा सुरू झाली म्हणून घराची शाळा बंद होत नाही. शेंगा सोलायच्या राहतीलच.

परवा कन्या त्याला घेऊन ती शाळा पाहून आली. मी विचारले, “बाईंना काय विचारलेस?” ती म्हणाली, “मी काही विचारले नाही, त्यानेच विचारले. ‘बाई, तहान लागली तर पाणी कुठे?’ आणि बाईंनी हात धरून माठ दाखवला.”

मी काही बोललो नाही. पण त्या रात्री वहीत तेवढेच लिहिले. आपणही आपापल्या घरी अशी एक वही आजच उघडावी, एवढी विनंती करतो आणि थांबतो.