जलसंगीची लिहिणारी बाई

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा केलेला सरकारी नोकर आहे. पूल, शाळाखोल्या आणि अंदाजपत्रके हा माझा रोजचा उद्योग. पण आपल्या भागातल्या जुन्या देवळांच्या भिंती बघण्याचा नाद लागला, आणि तो नाद मला वारंवार जलसंगीला घेऊन जातो. आज त्याच देवळाविषयी बोलणार आहे.

जलसंगी, कुणी जलसंगवी म्हणतात, हे हुमनाबाद तालुक्यातले साधे शेतकऱ्यांचे गाव. तिथे महादेवाचे देऊळ आहे. बांधले गेले कल्याणी चालुक्यांच्या काळात, म्हणजे आपले बसवकल्याण जेव्हा राजधानी होते तेव्हा. सहावा विक्रमादित्य 1076 साली गादीवर आला आणि 1126 पर्यंत त्याने राज्य केले. स्वतःच्या नावाचा शक सुरू केला. याच राजाच्या आश्रयाने विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली. घरच्या वाटणीवरून कोर्टात गेलेल्यांनी वकिलाच्या तोंडून हे नाव ऐकलेले असेल. तो ग्रंथ इथला, आपल्या कल्याणचा, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर काळ्या पाषाणात कोरलेल्या स्त्रिया आहेत. आपण त्यांना सुरसुंदरी म्हणतो, कन्नडमध्ये शिलाबालिका किंवा मदनिका. त्यातली एक बाई लिहिते आहे. कमरेत वळलेली, हात वर उचललेला, आणि तिच्यापुढे अक्षरे. ती अक्षरे नुसती शोभेची नाहीत, वाचता येतात. संस्कृतात आहेत. सात द्वीपांची ही पृथ्वी चालुक्य विक्रमादित्य आपलीशी करील, अशा अर्थाची ती स्तुती आहे. 'केली' असे नाही, 'करील' असे. राजाची स्तुती करताना शिल्पकाराने भविष्यकाळ वापरला, याची मला फार मौज वाटते. आमच्या खात्यातही काम पूर्ण झाल्याचा फलक कधी कधी कामाच्या आधी लागतो!

आणखी एक गोष्ट बघा. शिलालेख बहुधा वेगळ्या दगडावर असतो, आणि लिहिणारा कोण ते दिसत नाही. इथे लेख आहे आणि लिहिणारा हातही आहे, तोही बाईचा. नऊशे वर्षांपूर्वी त्या शिल्पकाराला हातात लेखणी घेतलेली बाई देवळाच्या भिंतीवर शोभेल असे वाटले.

बेलूरच्या मदनिका आपण सहलीत पाहतो. ते देऊळ होयसळ विष्णुवर्धनाचे, 1117 सालचे. तिथल्या मूर्ती छज्जाखाली, वर तिरक्या बसवलेल्या आहेत, मान वर करून बघाव्या लागतात. जलसंगीच्या बायका भिंतीतच, माणसासमोर उभ्या आहेत. बेलूरला बस भरभरून लोक जातात आणि जलसंगीला आपण हुमनाबादपर्यंत जाऊनही वळत नाही.

ही परंपरा सरहद्द मानत नाही. बसवकल्याणजवळ नारायणपूरचे देऊळ आहे, तर पलीकडे निलंग्याचे नीळकंठेश्वर. 1956 पर्यंत निलंगा, उदगीर, अहमदपूर आपल्याच बिदर जिल्ह्यात होते. आपल्यापैकी कितीतरी घरांची सोयरीक अजून तिकडे आहे. दगडांचीही तशीच आहे. आपले लोक मात्र काळ्या दगडाचे कुठलेही देऊळ दिसले की 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात. हेमाडपंत यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जलसंगीचे देऊळ त्याच्याआधी सव्वाशे वर्षे तरी उभे होते.

आता माझ्या धंद्याच्या अंगाने थोडे सांगतो, कारण मला खरी काळजी त्याची आहे.

अशा देवळात दगडावर दगड बसवलेला असतो, मध्ये चुना नसतो. वजन आणि खाचा यांवर सगळे तोलून धरलेले असते. भिंत बहुधा दुहेरी असते: बाहेर घडीव दगड, आत घडीव दगड, मध्ये दगडांच्या कपच्यांची भर. ही भिंत थोडी हलते, थोडी श्वास घेते. छतातून पाणी या भरीत उतरले की बारीक माती धुऊन जाते, भर खाली बसते आणि बाहेरचा दगड पोट काढू लागतो. मूर्ती पडते ती बहुधा अशी, कुणी फोडल्यामुळे नव्हे. पिंपळाचे रोप सांध्यात रुजले की तेच काम जलद होते. रोप वर वर छाटून उपयोग नाही, मूळ आतच राहते आणि जाड होत जाते.

गावाला हे दिसते तेव्हा गाव प्रेमाने काय करते? सांधे सिमेंटने भरते. सिमेंट कडक, पाणी बाहेर येऊ देत नाही, वर क्षार सोडते. ओल मग दगडातून वाट काढते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. अक्षरे असतात ती त्या पापुद्र्यावरच. ऑइलपेंटचेही तसेच. मी काही गावांत पाहिले आहे, गाभाऱ्याला स्नानगृहाच्या टाइल्स लावलेल्या, द्वारपट्टीवर आपला गणपती चंदेरी रंगाने इतका जाड झालेला की सोंड कुठली आणि हात कुठला ते कळत नाही. आज आपण ज्याच्या उत्सवासाठी जमलो आहोत त्याचीच ही दशा. पैसा देणारा भक्तिभावानेच देतो, त्यात शंका नाही. पण त्याच पैशात छताची गळती काढता येते, जोत्याभोवती साचणाऱ्या पाण्याला चर काढून वाट देता येते. त्यावर देणगीदाराचे नाव दिसत नाही, एवढीच अडचण.

आपल्यातल्या बऱ्याच घरांचे मूळ गावात वजन आहे. जीर्णोद्धार समितीत कुणी मामा, कुणी काका असतातच. त्यांना एवढे तरी सांगा की मूर्तीवर हात घालण्याआधी पुरातत्त्व खात्याला एक पत्र द्यावे आणि उत्तर येईपर्यंत रंगाचा डबा उघडू नये. उत्तराला वेळ लागतो, हे मी आतला माणूस म्हणून सांगतो. पाठपुरावा करावा लागतो. आणि पाया खणताना कोरीव दगड निघाला तर तो भरावात टाकू नये. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे असे काही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा 1878 सालचा कायदा आहे आणि तो अजून चालू आहे. आपली जमीन जाईल या भीतीने लोक गप्प बसतात. त्यांच्याशी बोलायला गावचा, ओळखीचा माणूस लागतो. नोटिशीने ते होत नाही.

जलसंगीला जायचे तर दसऱ्यानंतर, पाऊस ओसरल्यावर जावे. दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात अक्षरे सपाट दिसतात. ऊन तिरपे असेल तेव्हा अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि लेख उठून दिसतो. नाही तर बॅटरी बाजूने धरावी. अक्षरांवर खडू, पीठ किंवा तेल चोळू नये. मुलांना सोबत न्यावे, विशेषतः मुलींना, आणि ती बाई कोणती हे त्यांना सांगू नये. त्यांनाच शोधू द्यावी.