तसबीर कोणाची, आणि कशासाठी?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, अमेरिकेच्या एका जुन्या अध्यक्षाच्या तसबिरीवर बोलू. दोघेतिघे हसले. म्हणाले, वर्धापनदिन आपल्या विहाराचा आणि तुम्ही चाललात अमेरिकेला! पण बांधवांनो, कोणाची तसबीर भिंतीवर चढते आणि कोणाची उतरते, यावरून त्या घराचे राजकारण कळते. म्हणून थोडा वेळ ऐकून घ्या.

वॉशिंग्टनला व्हाइट हाउसमध्ये अध्यक्षांची कचेरी आहे, तिला ओव्हल ऑफिस म्हणतात. नवा अध्यक्ष आला की आपल्या पसंतीच्या तसबिरी लावतो. २०१७ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी तिथे अँड्र्यू जॅक्सन यांचे रंगवलेले चित्र लावले. २०२१ साली जो बायडन आले, त्यांनी ते उतरवून बेंजामिन फ्रँकलिनचे लावले. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प परत आले आणि जॅक्सनही परत भिंतीवर आले. जो माणूस १८४५ साली वारला, त्याची एवढी चढ-उतार कशासाठी?

आधी चित्राचे सांगतो. २०१७ साली लावलेले चित्र राल्फ अर्ल नावाच्या चित्रकाराने १८३५च्या सुमारास काढलेले. लांबट चेहरा, मागे वळवलेले पांढरे केस, करारी नजर. हा अर्ल म्हणजे जॅक्सनच्या बायकोच्या भाचीचा नवरा. ती लवकर वारली, पण अर्ल जॅक्सनच्याच घरी राहिला, पुढे व्हाइट हाउसमध्येही राहिला. लोक त्याला राजाचा चितारी म्हणून चिडवायचे. आता घरात राहून, घरचे जेवून काढलेले चित्र! त्यात चेहरा दिसणार. मागच्या शेतावर कोण राबतेय, ते कसे दिसणार?

जॅक्सनची बाजूही नीट मांडली पाहिजे. अर्धे सांगणे हे आपल्या चळवळीला शोभत नाही. १७६७चा जन्म. बाप जन्माआधीच गेला, चौदाव्या वर्षी आईही गेली. इंग्रजांविरुद्धच्या लढाईत हा पोरगा पकडला गेला. इंग्रज अधिकाऱ्याने बूट पुसायला सांगितले, याने नकार दिला, म्हणून तलवारीचा वार खाल्ला, असे सांगतात. पुढे वकील झाला, सेनापती झाला आणि १८२९ ते १८३७ सातवा अध्यक्ष. त्याच्या आधीचे सहाही अध्यक्ष बड्या किंवा शिकल्यासवरल्या घरांतले. हा गरिबीतून वर आलेला. त्या काळात मालमत्ता नसलेल्या गोऱ्या पुरुषांनाही मत मिळत गेले आणि त्या मतदारांनी याला डोक्यावर घेतले. १८३२ साली त्याने देशाच्या मोठ्या बँकेची मुदत वाढवायला नकार दिला. श्रीमंत लोक सरकार आपल्या फायद्यासाठी वाकवतात, असे त्याने लेखी बजावले. आमच्यासारख्या कामगार माणसाला हे वाचून बरेच वाटते. गरिबांचा कैवारीच की हा!

आता तसबिरीची दुसरी बाजू बघा. टेनेसी राज्यात नॅशव्हिलजवळ हर्मिटेज नावाचा त्याचा मळा होता, कापसाचा. तो मेला तेव्हा सुमारे दीडशे काळी माणसे, बाया आणि पोरे त्याच्या मालकीची होती. १८०४ साली त्याचा एक गुलाम पळाला. जॅक्सनने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: पकडून द्याल तर बक्षीस, आणि वर प्रत्येक शंभर फटक्यांमागे दहा डॉलर जादा, तीनशे फटक्यांपर्यंत. बांधवांनो, ज्याने स्वतः दुसऱ्याचे बूट पुसले नाहीत, त्याने दुसऱ्याच्या पाठीचा भाव ठरवला. स्वाभिमान त्याला ठाऊक होता, पण फक्त स्वतःपुरता.

आणि मग आदिवासींचे. २८ मे १८३० रोजी त्याने एका कायद्यावर सही केली: मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या मूळ रहिवाशांनी जमिनी सोडून पश्चिमेला जावे. कागदावर राजीखुशीने, करारनामा करून. प्रत्यक्षात चेरोकी लोकांचे काय झाले ऐका. हे लोक अडाणी नव्हते. सेक्वोया नावाच्या त्यांच्या माणसाने १८२१ साली स्वतःच्या भाषेची लिपी पूर्ण केली. १८२७ साली त्यांनी आपली राज्यघटना लिहिली. १८२८ साली स्वतःचे वर्तमानपत्र काढले. शिकले, संघटित झाले, आणि कोर्टात लढलेसुद्धा. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, की चेरोकी भूमीवर जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. पण निकाल कागदावर राहिला. जॅक्सन सरकारने चेरोकींना संरक्षण दिले नाही. उलट त्याच वर्षी जॉर्जियाने त्यांच्या जमिनी सोडत काढून गोऱ्यांना वाटल्या. सोडत म्हटले की आपल्या गिरणी कामगाराचे कान टवकारतात, घराच्या आशेने. पण ही सोडत अशी, की घरात माणसे नांदत असताना घराची चिठ्ठी दुसऱ्याच्या नावाने निघाली.

१८३५ साली मूठभर चेरोकींच्या सह्या घेऊन करार झाला. त्यांचे प्रमुख जॉन रॉस यांनी पंधरा हजारांहून जास्त नावांचा विरोध-अर्ज नेला. तरी सिनेटमध्ये एका मताने करार पास! १८३८ साली, जॅक्सन पायउतार झाल्यावर, लष्कराने माणसे घराघरांतून काढली, छावण्यांत कोंडली आणि पश्चिमेला हाकलली. सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार माणसे आजाराने, थंडीने, उपासमारीने गेली, असा अंदाज सांगतात. तिला अश्रूंची वाट म्हणतात.

आणि त्या मोकळ्या केलेल्या जमिनीवर काय पिकले? जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी इथे मुख्यतः कापूस, गुलामांच्या हातचा. तो लँकेशायरच्या गिरण्यांत जायचा. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिथला कापूस अडला, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि १८६५ साली तो बाजार कोसळला. आमची हयात साच्यावर गेली. सूत जोखणे हे आमचे काम. पण कापसाच्या गाठीवर त्या जमिनीचा इतिहास छापलेला नसतो, तो वाचून काढावा लागतो.

आता त्याचा वारसा बघा. कागदी नोटांवर विश्वास नसलेल्या या माणसाचे चित्र १९२८पासून वीस डॉलरच्या नोटेवर आहे. २०१६ साली जाहीर झाले, की त्याच्या जागी हॅरिएट टबमन येणार. ही स्वतः गुलामीतून पळालेली आणि परत परत मागे जाऊन सुमारे सत्तर माणसांना सोडवून आणणारी बाई. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ते लांबणीवर पडले. डेमोक्रॅटिक पक्ष जॅक्सनला आपला संस्थापक मानायचा, त्याच्या नावाने मेजवान्या करायचा. २०१५नंतर अनेक राज्यांतल्या शाखांनी ते नाव काढले. आणि विरोधी पक्षाच्या अध्यक्षाने त्याची तसबीर लावली! २७ नोव्हेंबर २०१७ रोजी नाव्हाहो जमातीच्या म्हाताऱ्या सैनिकांचा व्हाइट हाउसमध्ये सत्कार झाला. दुसऱ्या महायुद्धात त्यांची बोली सांकेतिक भाषा म्हणून अमेरिकेच्या कामी आली होती. त्यांना उभे केले ते नेमके या तसबिरीपुढे. सत्कार आदिवासींचा, आणि पाठीमागे जॅक्सन. काय वाटले असेल त्यांच्या माणसांना?

तर सांगायचे एवढेच. कोणी म्हणाला, मी लोकांचा माणूस, तर विचारा: तुझ्या 'लोकां'त कोण कोण धरलेत? जॅक्सनच्या लोकांत गरीब गोरा होता. काळा नव्हता, चेरोकी नव्हता, बाई नव्हती. गरिबाचे भले दुसऱ्या गरिबाला उठवून होत असेल, तर ती लोकशाही नव्हे, वाटमारी आहे.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दोन इशारे दिले. घटना चांगली असली तरी राबवणारे वाईट निघाले तर ती वाईट ठरेल, आणि राजकारणातली व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते. चेरोकींचा निकाल हा पहिल्या इशाऱ्याचा दाखला, आणि वर-खाली होणारी ही तसबीर दुसऱ्याचा.

अमेरिकेकडे बघायचे तर जोतीरावांच्या नजरेने बघा. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती कोण्या अध्यक्षाला नव्हे. गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना केली. त्यांनी काम बघून मान दिला, गादी बघून नाही.

आपल्या विहारातही तसबिरी आहेत. हार घाला, अगरबत्ती लावा, आमची ना नाही. पण दर रविवारी एका पोराला किंवा पोरीला उभे करून विचारा, या माणसाने कोणासाठी काय केले, सांग बघू. ज्या तसबिरीला हा प्रश्न विचारता येतो, तीच भिंतीवर शोभते.

एवढे बोलून आम्ही थांबतो. जय भीम. नमो बुद्धाय.