सांचो पांझाची मजुरी

इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आलेला ‘डॉन क्विक्झोट’ म्हणजे मूळ स्पॅनिशमधला डॉन किहोते. पवनचक्क्यांना राक्षस समजून त्यांच्यावर भाला रोखून धावणारा हा वीर सर्वांना ठाऊक असतो. १६०५ आणि १६१५ अशा दोन भागांत प्रसिद्ध झालेली मिगेल द सर्व्हांतेसची प्रचंड कादंबरी मात्र बहुधा त्या एका प्रसंगावरच मिटते. वास्तविक या ग्रंथात पवनचक्क्या एकदा येतात. थकलेल्या मजुरीचा प्रश्न पुन्हापुन्हा येतो.

पन्नाशीला टेकलेला हा गावंढा खानदानी गृहस्थ शौर्यकथा वाचून भ्रमिष्ट होतो, गंजलेले चिलखत चढवून अन्यायनिवारणार्थ बाहेर पडतो, आणि त्याच्या कानी पडणारी पहिली किंकाळी असते ती आंद्रेस नावाच्या पंधरा वर्षांच्या मेंढपाळ पोराची. मालकाने त्याला ओकच्या झाडाला बांधून पट्ट्याने फोडून काढलेले असते. सात रेआल दरमहाप्रमाणे नऊ महिन्यांचा पगार थकलेला. मालक भाल्यासमोर नमतो, पण त्याही अवस्थेत तीन जोडे आणि आजारपणात दोनदा काढलेले रक्त यांची वजावट मागायला विसरत नाही! सर्वच काळांतील मालकांची ही हिशेबी स्मरणशक्ती सर्व्हांतेसने अचूक टिपली आहे. डॉन किहोते त्याच्याकडून शपथ घेतो आणि कृतार्थ होऊन निघून जातो. तो दिसेनासा होताच पोराला पुन्हा झाडाला बांधले जाते आणि अधिकच मार बसतो. पुढे तो भेटतो तेव्हा विनवतो की, माझे तुकडे होताना दिसले तरी आपण मदतीला येऊ नये. न्याय देणारा घोड्यावरून जातो. ज्याला न्याय मिळाला त्याला मालकाच्याच दारात राहावे लागते. त्या वेळी आंद्रेसच्या हातावर भाकरतुकडा आणि चीज ठेवतो तो सांचो.

सांचो पांझा हा त्याच गावचा शेतमजूर. बायकापोरे मागे ठेवून तो निघाला तो एका बेटाच्या राज्यकारभाराच्या आश्वासनावर. त्याला नुसता हावरट ठरवणे सोपे आहे. परंतु दुसऱ्या भागात हाच सांचो स्पष्ट शब्दांत ठरावीक मासिक वेतन मागतो, आणि धन्याचे उत्तर असे, की कोणत्याही शौर्यग्रंथात सेवकाला पगार दिल्याचा दाखला नाही! ध्येयवादाच्या नावाखाली राबवून घेण्याची ही रीत ज्यांना परिचित आहे, त्यांना या विनोदावर मनमोकळे हसता येणार नाही. पूर्वीच्या शेतमालकाकडे दरमहा दोन दुकाद आणि वर जेवण मिळत असे, हा हिशेब सांचो विसरलेला नाही. तरीही तो राहतो, कारण या वेड्यावर त्याचा जीव जडलेला आहे.

पुढे एक सरदार दांपत्य थट्टेखातर त्याला एका गावाचा कारभारी करते. दरबारी मंडळी हसण्यासाठी जमतात, आणि हा निरक्षर माणूस न्यायनिवाडा करू लागतो. कर्जदार म्हातारा शपथ घेताना हातातली काठी सावकाराकडे देतो, दहा सोन्याची नाणी परत केल्याचे सांगतो आणि काठी परत घेतो. सांचो काठी फोडायला लावतो. नाणी आतच असतात. त्याचे डोळे माणसांच्या हातांकडे पाहायला शिकलेले आहेत.

मात्र सर्व्हांतेस त्याचे देव्हारे माजवत नाही. याच कारभारात सांचो जोड्यांच्या किमती उतरवतो, आणि त्याच दमात नोकरांच्या पगारांवर मर्यादा घालतो! काल स्वतः वेतन मागणारा खुर्चीवर बसताच असे करतो, हे लेखकाने एका वाक्यात सांगून टाकले आहे. आरमारासाठी धान्य आणि सरकारसाठी करवसुली करता करता, हिशेबाच्या भानगडीत १५९७ मध्ये सेव्हिलच्या तुरुंगात गेलेल्या लेखकाला खुर्चीची दोन्ही रूपे दिसली असावीत. थोड्याच दिवसांत सांचो आपण होऊन पद सोडतो. जाताना मागतो ते गाढवासाठी थोडे जव, स्वतःसाठी अर्धी रोटी आणि अर्धे चीज.

अखेर डॉन किहोते शुद्धीवर येतो, आणि अंथरुणावर मृत्युपत्र सांगतो. सांचो रडत रडत त्याला मरू नका म्हणून विनवत असतो. सांचोजवळ असलेल्या पैशांचा कोणी जाब विचारू नये, उरतील ते त्याचेच, असे तो लिहववतो. मालमत्ता भाचीला मिळते. पण तीतून सर्वांत आधी भागवायचे देणे वेगळेच असते. घर सांभाळणाऱ्या बाईचा, तिने सेवा केली त्या साऱ्या काळाचा पगार थकलेला असतो. तो चुकता करावा, आणि शिवाय तिच्या पोशाखासाठी वीस दुकाद द्यावेत.